कामासोबत किल्लीही द्या : संस्थेची टीम निरोगी कशी ठेवावी

बडोद्यातली मराठी संस्था गणेशोत्सव मंडळ असो, वाचनालय असो, देवस्थान असो की चर्च, तिथून भांडून बाहेर पडणारे थोडेच. बहुतेक जण गुपचूप गळतात. आधी बैठकीला उशिरा येतात, मग ‘बघतो, सांगतो’ म्हणतात आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत. कारण बहुधा एकच असतं. काम सांगितलेलं असतं, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. सजावटीचं काम रावपुऱ्यातल्या मुलीकडे, कपाटाची किल्ली मांजलपुरात राहणाऱ्या चिटणिसांकडे आणि ४०० रुपयांच्या फुलांसाठी खजिनदारांना तीन फोन. अशी मुलगी दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

म्हणून प्रत्येक कामाची एक चिठ्ठी करा. त्यावर पाच ओळी पुरतात : काम नेमकं काय, कधी संपणार, न विचारता किती खर्च करता येईल, अडलं तर कुणाला विचारायचं आणि आपण आजारी पडलो तर काम कोण उचलणार. महाप्रसादाची चिठ्ठी अशी दिसेल : ‘३०० पानं, मसालेभात-पुरी-भाजी-शिरा. तांदूळ २० किलो. पंगत ६० जणांची, वाढपी सहा, दर दोन तासांनी पाळी बदलायची. ३,००० रुपयांपर्यंत न विचारता, त्यावर खजिनदारांना फोन. भांडी परत करेपर्यंत जबाबदारी.’ शेवटचं वाक्य हमखास राहून जातं, आणि रात्री अकरा वाजता पातेली घासायला त्याच दोन काकू उरतात. पाळी न लिहिण्याचा परिणामही हाच. सकाळी आठला चहाला लागलेली व्यक्ती रात्री दहापर्यंत तिथेच उभी असते. कुणी तिला थांबवलेलं नसतं, कुणी सोडवायलाही आलेलं नसतं.

कार्यकारिणी ११ किंवा १५ जणांची असली तरी एका कामावर पाच ते सात माणसांपेक्षा जास्त नकोत. दहा जण झाले की काम कुणाचंच राहत नाही.

बैठक ७५ मिनिटांची ठेवा आणि विषयपत्रिका तीन दिवस आधी पाठवा. पहिली दहा मिनिटं मागच्या ठरावांचं काय झालं यासाठी, पुढची दहा हिशोबासाठी, मग फार तर दोनच विषय निर्णयाला. शेवटच्या पाच मिनिटांत चिटणिसांनी कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत हे मोठ्याने वाचून दाखवायचं. घरी जाऊन लिहिलेल्या इतिवृत्तावरून पुढच्या बैठकीत वाद होतात, समोर वाचलेल्यावरून क्वचितच. सेव-उसळ बैठक संपल्यावरच येऊ द्या. आधी आली तर पहिली वीस मिनिटं रश्शातच बुडतात.

सहा महिन्यांची इतिवृत्तं समोर ठेवून कामांपुढची नावं मोजा. दहापैकी चार-पाच कामांपुढे एकच नाव असेल तर त्या व्यक्तीचं कौतुक नंतर करा, आधी तिची दोन कामं काढून घ्या. अशी माणसं मोडतात तेव्हा संस्थेची अर्धी माहिती घेऊन जातात.

काम काढून घेणं हाच अवघड भाग, विशेषतः तिशीतल्या चिटणिसाला सत्तरीतल्या काकांकडून पावती पुस्तक घ्यायचं असतं तेव्हा. सभेत विषय काढू नका. घरी जा, चहा घ्या आणि म्हणा, ‘काका, तुमच्याइतका चोख हिशोब कुणाचाच नाही. दिवाळीपासून या नव्या मुलीला शेजारी बसवून घ्या. एप्रिलपासून लिहील ती, तपासाल तुम्ही.’ तारीख बोलून दाखवायची, नाहीतर ‘शेजारी बसणं’ पाच वर्षं चालतं. पावत्यांवर बसणाऱ्या नव्या माणसाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा : २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख घेतली तर देणगीदाराला तिच्यावर आयकराची सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय मागायचं.

पैशाभोवतीचा संशय माणसांवर विश्वास ठेवून मिटत नाही, पद्धतीने मिटतो. दानपेटी किंवा चर्चमधलं अर्पण दोघांनी मिळून, त्याच दिवशी, तिथेच मोजायचं. ते दोघे एका घरातले नसावेत आणि दोघांच्याही सह्या हव्यात. बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवा. चर्चमध्ये आणि मठातही आणखी एक अडचण असते : पाळक किंवा महाराज हेच व्यवस्थापनाचेही प्रमुख असतील तर भाड्याच्या मांडवाला ‘नको’ म्हणणंसुद्धा अश्रद्धा वाटू लागतं. अशा ठिकाणी हिशोबाच्या बैठकीचं अध्यक्षपद दुसऱ्याकडे द्या. पाळकांनी हजर राहावं, मत द्यावं, पण बैठक चालवू नये.

व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप द्या, निर्णय घेऊ नका आणि तक्रार तर मुळीच नको. तक्रार असेल तर २४ तासांत त्या व्यक्तीला स्वतः फोन. त्याने नाही मिटलं तर दोघांनाही मान्य असलेल्या तिसऱ्यासमोर बसायचं, आणि तिथेही अडलं तरच कार्यकारिणीला लेखी. मधली पायरी गाळली की पहिल्याच दिवशी गट पडतात. ‘अध्यक्ष सगळ्यांचे’ असं म्हणून अध्यक्षांनाच मध्यस्थ करू नका. ते बहुतेक वेळा भांडणात एका बाजूला असतातच.

बडोद्याचं वेळापत्रक इतर गावांसारखं नाही, ते मान्य करूनच माणसं ठरवा. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्षाचा पंधरवडा मिळतो. गणपतीचा हिशोब, उधारी आणि ‘काय चुकलं’ची बैठक त्यातच उरका. घटस्थापना झाली की नऊ रात्री तरुण मंडळी गरब्याच्या मैदानावर असतात, त्यांना बोलावून रुसू नका. युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला असलेल्यांना एप्रिलच्या पुढचं काम देऊ नका, त्यातले बरेच जूनपर्यंत पुणे-बंगळुरू गाठतात. आणि कार्यकारिणीत गुजराती सफाईने लिहिणारं एक तरी माणूस हवंच. बैठक मराठीत चालते, पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली कागदपत्रं गुजरातीत चालतात.

पदाची मुदत संस्थेच्या घटनेत नसेल तर ठरावाने ठरवा. तीन वर्षांच्या सलग दोन मुदती पुरेशा आहेत. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत दाखल करावा लागतो. तो राहिला की कागदोपत्री जुनेच विश्वस्त राहतात आणि बँक नव्या सह्या घ्यायला तयार होत नाही. पद सोडणाऱ्याने पुढच्याबरोबर एक महिना काम करावं आणि शेवटच्या दिवशी टेबलावर या वस्तू मांडाव्यात : मूळ घटना, नोंदणीचा दाखला, इतिवृत्ताची वही, ऑडिट रिपोर्ट, कोऱ्या आणि वापरलेल्या पावती पुस्तकांचे क्रमांक, चेकबुक, किल्ल्या, पासवर्डची यादी.

या यादीत सिमकार्ड लिहायला विसरू नका. बँकेचा आणि आयकराचा ओटीपी माजी खजिनदारांच्या खासगी मोबाइलवर जात असतो आणि ते मुलाकडे परदेशी गेलेले असतात. त्यापेक्षा एका साध्या फोनचा रिचार्ज परवडतो. सिम संस्थेच्या नावावर घ्या, फोन ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि त्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे द्या.