‘ग्लॅडिएटर’ या शब्दाची फोड कशी करायची

ग्लॅडिएटर म्हणजे प्राचीन रोममध्ये प्रेक्षकांसमोर झुंजणारा लढवय्या. सुरुवात शब्दाच्या शेपटापासून करा. मूळ लॅटिन उच्चार ‘ग्लादिआतोर’, जोर ‘आ’वर. शेवटचा ‘-तोर’ आपल्याला परका नाही. संस्कृतातला ‘-तृ’ प्रत्यय आणि हा एकाच मुळाचे. लॅटिन ‘दातोर’ म्हणजेच आपला ‘दाता’. अमुक काम करणारा, एवढंच तो सांगतो.

आता उरलेला भाग बघा: ‘ग्लादिउस’, तलवार. रोमन पायदळाची आखूड, दुधारी. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारच्या तलवारीचं पातं साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर भरतं. ‘दाता’त ‘दा’ हा धातू सापडतो, म्हणून इथेही क्रियापद शोधायला जाल तर अडकाल. हा शब्द थेट नामावरून बनला आहे. ‘विआ’ म्हणजे रस्ता, ‘विआतोर’ म्हणजे वाटसरू. तशीच घडण ‘ग्लादिआतोर’ची, म्हणजे तलवारबाज. खुद्द ‘ग्लादिउस’ लॅटिनने केल्टिक भाषांतून उचलला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. इंग्रजीतल्या ‘ग्लॅड’शी मात्र त्याचा काही संबंध नाही. खरा नातलग फुलबाजारात भेटतो: ग्लॅडिओलस, म्हणजे ‘छोटी तलवार’. त्याचं लांब, टोकदार पान हातात घेतलं की नावाचं कारण लगेच पटतं.

सगळ्यात जास्त गल्लत पुढे होते. नाव तलवारीचं असलं तरी प्रत्येकाच्या हाती ग्लादिउस नसे, त्यामुळे ग्लॅडिएटरच्या प्रत्येक प्रकाराचं नाव वेगळं सोडवावं लागतं. ‘रेतिआरिउस’मध्ये ‘रेते’ म्हणजे जाळं. त्याच्याकडे जाळं, त्रिशूळ आणि खंजीर. त्याच्यासमोर उभा राहणारा ‘सेकूतोर’, म्हणजे पाठलाग करणारा. इथे पुन्हा तोच ‘-तोर’, आणि या वेळी खऱ्या क्रियापदाला लागलेला. ‘थ्राएक्स’ला प्रत्यय लावून बघू नका, ते बाल्कन भागातल्या थ्रेस प्रांतातल्या लोकांचं नाव आहे. त्याची तलवार वाकडी, तिला ‘सीका’ म्हणत.

एवढं जमलं की पॉम्पेईच्या भिंतींवर खरडलेले झुंजींचे निकाल वाचता येतात. लढवय्याच्या नावाजवळ एकच रोमन अक्षर असतं. ‘व्ही’ म्हणजे ‘विकित’, जिंकला. ‘पी’ म्हणजे ‘पेरिइत’, मेला. ‘एम’ दिसला की मृत्यू समजण्याची घाई करू नका: तो ‘मिस्सुस’, म्हणजे हरला, पण जिवंत सोडला.