कोल्हापूरच्या पश्चिमेला भटकायला निघताय? या चुका टाळा

पाऊस लागला की कोल्हापूरकराचे पाय आपोआप पश्चिमेकडे वळतात. पन्हाळा, मसाई पठार, बरकी, गगनबावडा, राउतवाडी, दाजीपूर, आजऱ्याचं रामतीर्थ. तासा-दोन तासांच्या अंतरावर इतकं देखणं काही असताना घरी कोण बसेल? जावंच. पण दरवर्षी तीच माणसं त्याच चुका करताना दिसतात, आणि त्यातल्या काही चुका जिवावर बेततात. म्हणून एकदा स्पष्ट लिहितो.

शहरातलं आभाळ बघून निघणं

रंकाळ्यावर ऊन पडलंय म्हणून गगनबावड्यालाही उघडीप असेल, हा हिशेब मुळातच चुकीचा. अंतर जेमतेम ५५ किलोमीटर, पण गगनबावडा हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी एक आहे. शहरात नुसती भुरभुर असते तेव्हा तिकडे समोरची गाडी दिसत नाही असा पाऊस कोसळत असतो. आणि अडचण जाताना येत नाही, परतताना येते. वर पडलेलं पाणी कुंभी नदीतून खाली यायला वेळ घेतं. सकाळी वाटेवरच्या मांडुकली गावातून कोरड्या रस्त्यानं गेलेला माणूस संध्याकाळी त्याच ठिकाणी रस्त्यावर पाणी बघून उभा राहतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘गुडघाभर तर आहे, घाल गाडी.’ मला सगळ्यात जास्त राग येतो तो या वाक्याचा. वाहत्या पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की कडेनं खचलाय, हे वरून कळत नाही.

माझी सवय सांगतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बघायची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण मी त्याच्याही आधी किती बंधारे पाण्याखाली गेले ते बघतो, कारण कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बुटके, ते आधी बुडतात. आकडा चढता असेल तर गगनबावडा आणि बरकी दोन्ही रद्द, त्याऐवजी पन्हाळा. शिवाय ज्या टपरीवर चहा पितो तिथल्या मालकाचा नंबर घेऊन ठेवतो. ‘काय ओ, पानी कसं हाय?’ एवढं विचारलं की हवामानाच्या ॲपपेक्षा नेमकं उत्तर मिळतं.

राधानगरीकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राजर्षी शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपले आपण उघडतात, कुणी बटण दाबायची वाट बघत नाहीत. एका दारातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी सुटतं. धरण काठोकाठ भरत आलं असताना खाली भोगावतीच्या पात्रात खडकावर डबे उघडून बसलेली कुटुंबं बघितली की पोटात गोळा येतो.

मसाई पठारावर ‘आडवं कापणं’

पन्हाळ्याच्या पश्चिमेचं मसाई पठार सपाट, उघडं, गवताचं. त्यामुळे नवख्याला वाटतं इथं चुकायला आहेच काय? खरं तर चुकायला यासारखी जागा नाही. झाड नाही, घर नाही, चारी बाजू सारख्या. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो आणि पठार संपतं तिथं थेट कडा.

एका श्रावणातली गोष्ट. आमच्या पुढे कॉलेजची चार पोरं चालली होती. मळलेली वाट लांब पडते म्हणून ‘आडवं कापून पांडवदऱ्याकडं उतरतो’ म्हणाली. नको म्हटलं. तोवर निम्मी गवतात शिरलीही होती. थोड्या वेळात पश्चिमेकडून धुकं आलं आणि पठार पुसून गेलं. मग हाका ऐकू यायला लागल्या. एकदा डावीकडून, एकदा मागून. धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते, त्यामुळे आम्हीही जागचे हललो नाही.

तेवढ्यात घोंगड्याची खोळ घेतलेले एक मामा म्हशी वळवत आले. त्यांनी नुसतं ऐकलं आणि म्हणाले, “कड्याच्या अंगाला हाईत. त्यास्नी सांगा, हाय तितंच बसा. पळू नगासा म्हनावं.” आम्ही ओरडून तेच सांगत राहिलो. मामा काठीनं पुढची जमीन चाचपत निघाले, आम्ही त्यांच्या मागे एका रांगेत. पोरं सापडली तेव्हा चौघंही एकमेकांना धरून बसली होती. त्यांच्यापुढे दोन हातांवर हिरवळ दिसत होती, आणि त्यातला एकजण तिकडेच जायचं म्हणत होता. मामांनी त्या हिरवळीत काठी घातली. ती आत गेली आणि टेकलीच नाही. ती हिरवळ म्हणजे कड्याखालून वर आलेल्या झुडपांचे शेंडे होते, पठाराच्या बरोबरीला लागलेले. जांभ्या खडकाचा काठ खालून पोखरलेला असतो, वरून मात्र भक्कम वाटतो.

एका पोराच्या हातात मोबाइल होता, त्यावर नकाशा चालूही होता. निळा ठिपका तुम्ही कुठं आहात ते दाखवतो. कडा कुठं आहे ते दाखवत नाही.

म्हणून मसाईवर मळलेली वाट सोडायची नाही, कितीही वळसा पडो. मी जाताना दर थोड्या वेळानं मागे वळून बघतो, कारण परतीला तीच वाट वेगळी दिसते. गळ्यात शिट्टी ठेवतो. धुकं आलं तर बसून घेतो. ते एकसारखं राहत नाही, मध्येच अर्धा मिनिट फाटतं आणि तेवढ्यात देवीचं देऊळ किंवा तळं दिसून जातं. दिशा धरायला तेवढं पुरतं. पण थांबायला धीर लागतो, आणि मसाईवरून जाणाऱ्या पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला पहिल्यांदा आलेल्या पोरांना सगळ्यांच्या आधी पोचायचं असतं. १६६० च्या जुलैत ज्या वाटेनं बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे जिवावर उदार होऊन गेले, ती वाट शर्यतीसाठी नाही.

फुलांच्या दिवसांत पठारावर गाडी घालणं हाही तसाच उतावीळपणा. जांभ्यावर मातीचा थर बोटभर. सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं त्याच्यावर तगून असतात. एक चाक गेलं की तो पट्टा उखडला.

दाजीपूरला गवा ‘दाखवा’ म्हणणं

दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. दोन तासांत गवा दिसलाच पाहिजे असा हट्ट धरून गाइडचं डोकं खाणाऱ्यांनी जाऊच नये. पहाटे जा, गप्प बसा, जंगल बघा. गवा दिसला तर गाडीतून उतरायचं नाही. तो शांत उभा असतो म्हणून गरीब नसतो, आणि टनाच्या आसपास वजनाचा नर अंगावर आला तर पळायला जागा उरत नाही. पावसाळ्यात जंगल बंद असतं. तेव्हा फाटकावर ओळखी सांगत बसू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. जळू ओढून काढू नका, मीठ लावा, ती स्वतः सुटते. करूळ आणि भुईबावडा घाटात धुक्यात हेडलाइट वर मारू नका, उजेड उलटून डोळ्यांवर येतो. स्पीकर घरी ठेवा. दारू पिऊन धबधब्यात उतरणाऱ्याला सोबतच घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

बरकी आणि राउतवाडीच्या धबधब्यांवर पाण्याचा रंग बघत राहा. धार अचानक गढूळ झाली किंवा पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, म्हणजे वर मोठा पाऊस झालाय आणि पाणी निघालंय. त्या क्षणी बाहेर. बरकीच्या वाटेवरचा पूल जोराच्या पावसात पाण्याखाली जातो, म्हणून तिथून मी दुपारी तीनच्या आत निघतो. अडकलातच तर गाडी पाण्यात न घालता गावात परत फिरा. कुणाच्याही सोप्यात बसायला जागा मिळते, आणि घरी एक फोन करून रात्र तिथंच काढता येते.