आईवडील गावाहून नाशिकच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना: आधी गुडघा मोजा

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून आईवडील कायमचे शहरात येणार म्हटलं की घरात रंगकाम निघतं, नवा पलंग येतो. तो किती उंच हवा, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून पहिलं माप खोलीचं नको, त्यांचं घ्या. नेहमीच्या चपला घालून खुर्चीत ताठ बसवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत टेप लावा. त्यात ३ ते ५ सेंमी मिळवा. पलंग, खुर्ची आणि कमोड या तिन्हींची उंची याच आकड्याच्या जवळ हवी. पलंगाची उंची मोजताना माणूस गादीवर बसलेला असू द्या, कारण गादी दबते. आसन खाली गेलं तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. फार वर गेलं तर पावलं टेकत नाहीत आणि मांडीखाली कड रुतते.

नेहमीचा कमोड बऱ्याच जणांना बुटका पडतो. तो फोडून बदलायची घाई नको, वर बसवायची उंच सीट मिळते. ती क्लॅम्पने आवळलेली हवी. नुसती ठेवलेली सीट एका बाजूला वजन पडलं की सरकते.

सगळ्यात जास्त लक्ष बाथरूमला द्या. पकडायचा दांडा ३२ ते ३८ मिमी जाडीचा आणि भिंतीपासून साधारण ४ सेंमी सुटा असावा. अंतर जास्त ठेवलं तर तोल जाताना हात मध्ये अडकतो. कमोडशेजारचा आडवा दांडा जमिनीपासून ७५ ते ८५ सेंमीवर घ्या, पण खुणा करण्याआधी आईला तिथे बसवून तिचा हात कुठे जातो ते पाहा. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे, तो माणसाच्या वजनासाठी नसतो.

खरी चूक होते ती भिंतीत. नव्या इमारतींत आतल्या भिंती अनेकदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात त्या असतात. ड्रिल मारल्यावर लाल पूड आली तर वीट, पांढरट-राखाडी भुसभुशीत पूड आली आणि ड्रिल सहज आत गेलं तर ब्लॉक. ब्लॉकमध्ये साधा प्लॅस्टिकचा प्लग सुरुवातीला घट्ट वाटतो आणि जोराचा झटका बसला की स्क्रूसकट बाहेर येतो. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून घट्ट बसवायचा बोल्ट) घ्या, किंवा बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडे लोखंडी पट्टी लावा. बसवून झाल्यावर घरातल्या जाडजूड माणसाने लोंबकळून बघावं. आईच्या हाताने पहिली परीक्षा नको.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॅच लावा.

फ्लॅट अजून बघत असाल, तर तळमजला गुडघ्यांना सोयीचा. पण गोदाकाठच्या भागात आधी पूररेषा तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००८ आणि २०१९ला सराफ बाजारापर्यंत पाणी चढलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री उचलून वर न्यायचं काम सोपं नसतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे लाकडी जिने फार उभे असतात. तिथे वरची खोली वृद्धांना देऊ नये.

कपड्यांचं गणितही तेच: हात किती वर जातो आणि बोटं किती वळतात. खांदा आखडलेल्या माणसाला डोक्यातून घालायचा स्वेटर नको, पुढून उघडणारा घ्या. आपली बंडी आणि कोपरी याचसाठी उत्तम. पायजम्याची नाडी काढून रुंद इलॅस्टिक घाला. ब्लाउजच्या हुकांऐवजी प्रेस बटणं किंवा वेल्क्रो लावा, बाही ३-४ सेंमी सैल ठेवा.

आईला नऊवारीची सवय असेल तर गाऊन लादू नका. काष्ट्याने पाय मोकळे राहतात, निऱ्या पायात येत नाहीत. अडचण होते ती घाईने शौचाला जाताना. त्यावर शिवलेली, इलॅस्टिकची नऊवारी दिवसा आणि रात्री गाऊन, एवढा बदल तिला विचारून करा. सहावारी असेल तर किनार जमिनीपासून ५ सेंमी वर, आणि परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा. एकाच जागी काचणाऱ्या नाडीने कंबरेची कातडी सोलवटते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, निफाडला त्याहूनही खाली. फरशी बर्फासारखी होते म्हणून लोकरी मोजे दिले जातात, आणि गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घ्या. पायावर सूज असेल तर वरचं इलॅस्टिक सैल हवं. चप्पल मागे पट्टा असलेली.

घरात रांगतं मूल असेल तर गरजा एकमेकींना अडतात. आजीच्या हाताजवळचा खालचा ड्रॉवर औषधांना सोयीचा, पण तो नातवालाही सोयीचा. औषधं कुलपाच्या डब्यात, आजीच्या कोपरापेक्षा थोडी वर ठेवा, म्हणजे तिला वाकावंही लागत नाही. बाल्कनीच्या गजांत १० सेंमीपेक्षा जास्त फट नको. बाळाचं झबलं बगलेत बंदाचं घ्या, गळ्याशी नाडीचं नको.

शेवटी रात्री सगळे दिवे बंद करून पलंगापासून संडासापर्यंत स्वतः चालून बघा. वाटेत सतरंजीची दुमडलेली कड, चार्जरची वायर, उंबरठा, जे काही पायाला लागेल ते दुसऱ्या दिवशी काढून टाका. उंबरठा निघत नसेल तर दोन्ही बाजूंना उतार द्या: दर १ सेंमी उंचीला किमान १२ सेंमी लांबी.