घरच्या लॅपटॉपवर टिन-टिनची टक्कर: न्यूट्रॉन-प्रोटॉनचं सिम्युलेशन कसं करायचं

एमएस्सी फिजिक्सच्या पोट्ट्यांसाठी लिहितोय, दारव्ह्याकडच्या आमच्या गावात बसून. साध्या लॅपटॉपवर हे चालतं, मोठं मशीन नाही म्हणून थांबू नका. फक्त टक्कर पाहायची घाई नको, कारण न्यूट्रॉन आणि प्रोटॉनच्या वागण्यातला फरक लय बारीक असतो अन् कोडमधली छोटी चूक त्याला गिळून टाकते.

रिॲक्शन घ्या टिन-124 (124 कणांचा कथिलाचा अणुगर्भ) वर टिन-124, आणि जोडीला टिन-112 वर टिन-112. प्रोटॉन दोन्हीत 50, न्यूट्रॉन 74 आणि 62, म्हणजे बदलतात फक्त न्यूट्रॉन. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत न्यूक्लिऑनमागं (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) 50 एमईव्ही ऊर्जेला हे मोजलेलं आहे, तर आकडे ताडून पाहता येतात. मॉडेल क्यूएमडी (क्वांटम मॉलिक्युलर डायनॅमिक्स), म्हणजे प्रत्येक न्यूक्लिऑन एक छोटं गॉसियन पॅकेट. पायथॉनमध्ये लिहा पण आतला लूप नंबानं (पायथॉन वेगवान करणारी लायब्ररी) कंपाईल करा, नाहीतर रात्र संपेल पण रन संपणार नाही.

आता न्यूक्लियस बांधायचा. त्रिज्या 1.2 गुणिले ए चं (एकूण न्यूक्लिऑनचं) घनमूळ, टिन-124 ला साधारण 6 फर्मी (एक फर्मी म्हणजे 10^-15 मीटर). मोमेंटम स्थानिक घनतेवरून फर्मी स्फिअरमध्ये (त्या घनतेला शक्य असलेल्या मोमेंटमचा गोल) वाटायचा, आणि इथं बहुतेक जण चुकतात, न्यूट्रॉनचा फर्मी मोमेंटम न्यूट्रॉनच्या घनतेवरून काढा, प्रोटॉनचा प्रोटॉनच्या, सगळ्यांना सरसकट 263 एमईव्ही/सी देऊ नका. मंग हा न्यूक्लियस एकटाच 200 फर्मी/सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग, हे वेळेचं एकक) सोडून द्या, टाइमस्टेप 0.5 फर्मी/सी ठेवा. बाइंडिंग एनर्जी न्यूक्लिऑनमागं साडेआठ एमईव्हीच्या आसपास पाहिजे आणि न्यूक्लिऑन गळायला नको. माझ्या पहिल्या कोडमध्ये सातआठ न्यूट्रॉन असेच निघून जायचे, त्यावर टक्कर केली असती तर तेच न्यूट्रॉन मी रिझल्ट म्हणून मोजले असते! हे नीट होईस्तोवर पुढं जाऊ नका, माझे दोन आठवडे इथंच गेले आणि ते गेले तेच बरं झालं.

सिमेट्री एनर्जी, म्हणजे न्यूट्रॉन-प्रोटॉनची संख्या असमान असल्यानं वाढणारी ऊर्जा, हाच सगळ्याचा गाभा. नॉर्मल घनतेला (न्यूक्लियसच्या मध्यातली, 0.16 न्यूक्लिऑन प्रति घन फर्मी) ती 32 एमईव्हीच्या जवळपास धरतात, पण त्यातला साधारण 12 चा वाटा फर्मी मोशनमधून आधीच आलेला असतो, तर पोटेन्शियलमध्ये फक्त उरलेला टाका, दोनदा मोजू नका. पोटेन्शियलच्या भागाला घनता भागिले नॉर्मल घनता, याचा गॅमा घात लावा, एकदा 0.5 अन् एकदा 2. प्रोटॉनला कूलाँब (विद्युत अपकर्षण) वेगळा.

टकरीसाठी दोन न्यूक्लिऑन क्रॉस-सेक्शन भागिले पाय, त्याच्या वर्गमुळापेक्षा जवळ आले की पाउली ब्लॉकिंग (नवी अवस्था आधीच भरलेली तर नाही ना) तपासून मोमेंटम बदला. न्यूट्रॉन-प्रोटॉनचा क्रॉस-सेक्शन या एनर्जीला प्रोटॉन-प्रोटॉनच्या साधारण तिप्पट असतो, सगळ्यांना एकच 40 मिलिबार्न देऊन चालत नाही. इम्पॅक्ट पॅरामीटर (दोन न्यूक्लियसच्या वाटांमधलं आडवं अंतर) 2 फर्मी ठेवा.

आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, म्हणून दर 50 इव्हेंटला रँडम सीडसकट फाईल सेव्ह होते, तुम्हीही तेच करा.

शेवटी सेंटर-ऑफ-मासमध्ये 70 ते 110 अंशात निघालेले मोकळे न्यूट्रॉन आणि प्रोटॉन मोजा, 124 चं न्यूट्रॉन भागिले प्रोटॉन हे गुणोत्तर काढा अन् त्याला 112 च्या गुणोत्तरानं भागा, हाच डबल रेशो. काहून? काटा शेकडा पाच जास्त दाखवत असला तरी त्याच काट्यावर मोजलेल्या कापसाच्या दोन गाठोड्यांचं गुणोत्तर खरंच निघतं, तसा इथं कूलाँबचा आणि न्यूट्रॉन डिटेक्टरच्या एफिशियन्सीचा परिणाम बराचसा कटतो. नॉर्मलपेक्षा कमी घनतेला गॅमा 0.5 ची सिमेट्री एनर्जी जास्त असते, ती न्यूट्रॉन जास्त बाहेर ढकलते, म्हणून गॅमा 0.5 चा डबल रेशो गॅमा 2 च्या डबल रेशोपेक्षा वर यायला पाहिजे. उलटं आलं तर आधी एरर बार पाहा, मग सिमेट्री टर्मचं चिन्ह.