ए-लेव्हल फ्रेंच तोंडी परीक्षा: संशोधनाच्या विषयावर मला बोलतं करणारी तयारी

इंग्लंडमधल्या एक्यूए बोर्डाच्या या बारावीच्या तोडीच्या परीक्षेत स्वतःच्या संशोधनावर 2 मिनिटं सादरीकरण असतं, पण त्यानंतरची चर्चा 9-10 मिनिटं चालते. माझा विषय होता फ्रान्समधली धर्मनिरपेक्षता. सादरीकरण तोंडपाठ होतं. पहिला अनपेक्षित प्रश्न आला की मात्र मी गप्प व्हायचे.

उपाय सापडला तो टिपणांची मांडणी बदलल्यावर. नुसती माहिती लिहिणं बंद केलं आणि प्रत्येक मुद्द्याखाली माझं मत, त्याचं कारण आणि विरोधकाचा सगळ्यात भक्कम आक्षेप लिहिला. 1905च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळं केलं, ही झाली माहिती. मग 2004च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हांची बंदी केली, ती 1905च्या विचाराशी सुसंगत आहे का? पूर्व फ्रान्समधल्या अल्सास-मोझेल भागात 1905चा कायदा आजही लागू नाही, मग ‘एकच प्रजासत्ताक’ कसं? चर्चा रंगते ती इथे, आणि मला हाच भाग मनापासून आवडला.

सरावासाठी मैत्रिणीला सांगितलं, ‘पूर्क्वा?’ (का?) एवढंच विचारत राहा. पूर्ण उत्तरं कधीच पाठ केली नाहीत, कारण पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. 1905, 2004 अशी सालं मात्र फ्रेंचमध्ये मोठ्याने म्हणून घोटली. व्याकरणासाठी ‘बियँ क’ (जरी) या शब्दांनंतर सब्जंक्टिव्ह हे क्रियापदाचं खास रूप येणारी दोन-तीन वाक्यं माझ्याच मुद्द्यांतून बनवली.

प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारायला सांगणारं वाक्यही फ्रेंचमध्येच तयार ठेवा.