जुन्या निगेटिव्ह जपताना या चुका टाळा

निगेटिव्हची ट्रंक माळ्यावर असेल तर आजच खाली काढा. स्लॅबलगतची ती जागा उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात तिथलं सगळं सादळतं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की त्यावर बुरशी धरते, आणि मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळाभर हीच स्थिती. आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट आणि त्यातली मधली फळी सगळ्यांत बरी. शेजारी सिलिका जेल ठेवा. दाण्यांचा रंग पालटला की ते बदला. डांबरगोळ्या मात्र नकोत.

बुरशी दिसली की लोक ओला कपडा फिरवतात. यानेच सगळ्यांत जास्त फोटो गेले असतील. निगेटिव्ह खिडकीशी तिरकी धरून बघा: चकचकीत बाजू फिल्मची, मंद बाजू चित्राची. मंद बाजूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू असतील तर तिथलं जिलेटिन बुरशीने पोखरलेलं असतं आणि ते पाण्यात विरघळतं. मग आजीचा चेहरा कपड्यावर येतो. तोंडाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका, एवढंच करा. पुढचं काम जाणकारावर सोडा.

रबरबँड काढून टाका, त्यातल्या गंधकाने फिल्मवर चित्र घडवणाऱ्या चांदीवर डाग पडतात. पीव्हीसीचे मऊ पाऊचही नकोत, ते कालांतराने चिकटतात. पॉलिप्रोपिलीनचे किंवा आम्लमुक्त कागदाचे पाऊच घ्या, आणि नाव-साल निगेटिव्ह आत घालण्याआधीच पेन्सिलीने लिहा.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म कुजू लागली आहे. तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते. ती लगेच वेगळी करा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर तिचा लावा.

१९५० च्या आधीच्या रोलबाबत फार जपून. कडेवर ‘नायट्रेट’ असं इंग्रजीत छापलेलं दिसलं तर ती फिल्म घरात ठेवू नका. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटवरच्या कितीतरी चित्रपटांच्या फिल्म जळाल्या, त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या मूळ निगेटिव्हही होत्या.

स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह रद्दीत टाकणं मला पटत नाही. उद्या याहून चांगला स्कॅनर आला तर परत जायला मूळ हवंच. कृष्णधवल फिल्म स्कॅन करताना इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय बंद ठेवा. चांदी ते किरण अडवते, त्यामुळे मशीन चित्रालाच धूळ समजून पुसतं. रंगीत निगेटिव्ह आधी घ्या. त्यांचे रंग बंद कपाटातल्या अंधारातही फिके होत जातात, तर नीट धुतलेली कृष्णधवल फिल्म कोरड्या जागी खूप वर्षं टिकते.