पुठ्ठा बघायचा की माग? मॅक्रो आणि सोर्स लोकेशन

सोलापुरात घरी बसून कंपायलर टूलिंगचं, म्हणजे कोड वाचणारी-बदलणारी टूल लिहायचं, काम करता येतं का, असं कॉलेजातली पोरं विचारतात. येतं. पण पहिल्याच महिन्यात मॅक्रो, म्हणजे कोडच्या तुकड्याला दिलेली नावं, आडवे येतात. वर्गात प्रीप्रोसेसर (कंपाइल व्हायच्या आधी मॅक्रोच्या जागी त्याचा मजकूर भरणारा भाग) म्हणजे अर्ध्या तासाचा विषय: मजकूर बदलतो, संपलं.

माझं पहिलं काम सोपं दिसत होतं. सी भाषेतल्या जुन्या कोडमध्ये एका फंक्शनचं नाव बदलायचं, तेही क्लँग या कंपायलरच्या लायब्ररी वापरून. कॉल सापडला की त्याचं लोकेशन घ्यायचं आणि तिथे नवं नाव लिहायचं. मग एक हेडर (इतर फाइलींत जोडली जाणारी फाइल) आली. तिच्यात तो कॉल एका मॅक्रोच्या पोटात होता, आणि मॅक्रो एकाच फाइलीत १९ ठिकाणी वापरलेला. मी स्पेलिंग लोकेशन घेत होतो, म्हणजे अक्षरं प्रत्यक्ष जिथे टाइप केलीत ती जागा. टूलने हेडरमधली ती एकच ओळ १९ वेळा बदलायला घेतली आणि तिचा चिवडा केला. घाईघाईत एक्स्पान्शन लोकेशन घेतलं, म्हणजे मॅक्रो जिथे वापरला ती जागा. आता मॅक्रोचंच नाव पुसून त्यावर फंक्शनचं नाव बसलं.

आमचं घर पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग. मागवाल्या मामांना सहज विचारलं, चादरीत दोष दिसला तर आधी काय बघता? म्हणाले, "आधी चार चादरी उलगडून बघ की बे. सगळ्यांत एकाच जागी असेल तर जेकार्डचा पुठ्ठा बघायचा, एकीतच असेल तर माग." पुठ्ठा, म्हणजे नक्षी ठरवणारं भोकांचं कार्ड, ही मॅक्रोची व्याख्या; चादर म्हणजे वापर. त्या रात्री मी कोड परत उघडला.

क्लँगमध्ये लोकेशन हा ३२ बिटांचा आकडा असतो. त्यातला एक बिट सांगतो की जागा फाइलीतली आहे की मॅक्रोतून आलेली. ओळ आणि कॉलम त्यात नसतातच. सोर्स मॅनेजरकडे (जागांचा हिशेब ठेवणाऱ्या भागाकडे) मागाल तेव्हा तो काढून देतो.

आता हे नीट बघा. हेडरमध्ये 'मोठा(अ, ब)' असा मॅक्रो आहे, त्याचं पोट '((अ) > (ब) ? (अ) : (ब))'. तुम्ही लिहिलंत 'मोठा(क++, १०)'. विस्तारानंतर 'क++' दोनदा येतं, पण दोन्हींचं स्पेलिंग लोकेशन एकच, तुमच्या कॉलमधलं. '>' चं स्पेलिंग लोकेशन मात्र हेडरमध्ये. आणि एक्स्पान्शन लोकेशन विचारलंत तर सगळी टोकन (कोडचे सुटे शब्द-चिन्हं) 'मोठा' या शब्दाकडेच बोट दाखवतात. म्हणजे आर्ग्युमेंट (कंसात तुम्ही दिलेलं) आणि पोट यांची वागणूक वेगळी, आणि हा फरक न विचारता केलेली दुरुस्ती कुठेतरी चुकतेच. क्लँगचं 'गेट फाइल लोक' हे फंक्शन हा फरक स्वतः ओळखतं: आर्ग्युमेंट असेल तर लिहिलेली जागा, नाहीतर वापराची. एरर दाखवायला तेवढं पुरतं. कोड बदलायचा असेल तर पुरत नाही. तेव्हा जागा पोटातली निघाली तर मी व्याख्या एकदाच बदलतो, तीही हेडर आपली असेल तर. सिस्टिम हेडरला हात लावत नाही.

जीसीसी हा दुसरा कंपायलर वापरणाऱ्यांसाठी: तिथे मॅक्रो-विस्ताराचा माग ठेवणारा पर्याय ४.८ आवृत्तीपासून आपोआप चालू असतो. म्हणून एररखाली 'मॅक्रोच्या विस्तारात' अशी टीप दिसते.

सराव करायचा तर एकही हेडर न घेता दहा ओळींची फाइल लिहा. एका खिडकीत प्रीप्रोसेसरचं आउटपुट, दुसऱ्या खिडकीत एएसटी डंप (कंपायलरने कोडचं केलेलं झाड, छापून). मोठ्या प्रोजेक्टवर शिकायला जाऊ नका, सिस्टिम हेडरच्या हजारो ओळींत तुमचा मॅक्रो हरवतो.

एक प्रकार मला अजून सरळ जमलेला नाही. '##' ने दोन तुकडे जोडून झालेलं नाव कुठल्याच फाइलीत लिहिलेलं नसतं; क्लँग ते 'स्क्रॅच स्पेस' नावाच्या तात्पुरत्या बफरमध्ये ठेवतो, आणि शोधूनही ते सापडत नाही. टूल तिथे फक्त इशारा छापतं. त्या प्रोजेक्टमध्ये अशा सात जागा होत्या. त्या मी हातानेच बदलल्या.